कंदकाकांचं बेणं

"आधी दोन घास खा, मग जा," काकू म्हणाल्या. पण काका कसले ऐकतात! कोयता घेऊन निघालेच होते. अंगणात पुतणी बसली होती. लग्नानंतर तिने नि नवऱ्याने जमीन कसायला घेतलेली, पहिलीच लागवड, तिला कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, बेणं हवं होतं. आणि बेणं म्हणजे कंदकाकांचंच, असं अख्खं गाव म्हणे. कांड्या फुकट तोडून द्यायच्या आणि वर तासभर व्याख्यान झोडायचं, हा काकांचा शौक.

काकूंना मात्र खरं काय ते ठाऊक होतं. झाडं वरून हिरवीगार, पण यंदा काढलेला कंद न कंद आतून कुठे ना कुठे तपकिरी, कुजका. हा विषाणूचा रोग आहे, कांडीतून पुढच्या शेतात जातो, औषध नाही, झाडं उपटून टाका, असं पिकांच्या तपासणीवाल्या बाईंनी गावच्या सभेत बजावलं होतं. काका तिथे छान घोरत होते. काकूंनी घरी अवाक्षर काढलं नाही. पांढरे तुकडे वेचून काकांच्या ताटात, डागाळलेले आपल्या. माणूस शेतावर इतका जीव टाकतो, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण आता पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. काकूंनी उकडलेला अख्खा कंद काकांपुढे ठेवला.

"आज तुम्हीच चिरा."

काकांनी चिरला आणि बघतच राहिले.

"कधीपासून?"

"यंदाच्या पहिल्या काढणीपासून."

"आणि तू हे खात होतीस? येडी कुठली." आवाजात राग औषधालाही नव्हता.

मग ते पुतणीकडे वळले. "पोरी, आमचं बेणं नेऊ नकोस. शेताला रोग लागलाय. त्या तपासणीवाल्या बाईंना विचार, त्या निरोगी बेणं देतील."

"पण काका, झाडं तर किती छान दिसतायत."

"दिसतात ना. म्हणून तर गेल्या साली हेच बेणं गावभर वाटलं."

बोलता बोलता काका चपला शोधू लागले.

"मी सांगते सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "तुम्ही नुसते सोबत चला."

"बेणं मी दिलंय. मीच सांगणार."

शेजारी आपल्या बांधावरच भेटला. "या कंदकाका, आज कशावर व्याख्यान?"

"तुझी झाडं उपटावी लागतील, बाबा. मी दिलेलं बेणं रोगट निघालं. आम्ही दोघं हात लावतो, चल."

काकू तोवर त्याच्या शेतात उतरल्याही होत्या.