हिरवी कापडं

मंदाकिनी सिस्टरांनी डॉक्टर मुकुलना गळ घातली ती एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी दिवा गावातल्या विठ्ठल मंदिरात कीर्तनात बुवांनी दृष्टान्त दिला होता. एक बाई रोज आपलं अंगण लखलखीत झाडायची आणि केर शेजारणीच्या दारात ढकलायची. एक दिवस वारा फिरला, आणि सगळा केर तिच्याच देवघरात, समईत, नैवेद्याच्या ताटात! लोक हसले, टाळकऱ्यांनी गजर उचलला. सिस्टरना काही हसू आलं नाही. देवळाकडे येताना खाडीच्या कडेला तिवरांवर अडकलेले निळे झगे त्यांनी पाहिले होते. ऑपरेशनचे, एकदा घालून फेकून देण्याचे. कुठल्या हॉस्पिटलचे, देव जाणे. पण तसलेच झगे त्या स्वतः रोज पिशव्या भरभरून टाकत होत्या.

डोंबिवली पूर्वेच्या त्या लहानशा हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. डॉक्टर मुकुल मालकांपैकी एक.

"सर, गच्चीवर सोलर बसवलंत, छान केलंत. पण आपल्या थिएटरातून रोज जे निघतं ते सगळं पिवळ्या पिशवीत, म्हणजे जाळायला. एका सिझेरियनला एक गाठोडं. पूर्वी आपण हिरवं कापड वापरत होतो ना? धुवायचं, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायचं, परत घ्यायचं."

"धुवायला पाणी लागतं, मंदाकिनीबाई. तुम्ही दिव्याला राहता, तुम्हाला मी पाण्याच्या टंचाईचं सांगू?"

"लागतंच. पण ते साफ करून संडासाच्या टाकीला देता येईल. जाळलेलं प्लॅस्टिक परत कुठे वापरणार?"

डॉक्टर हसले. माणूस चांगला. "काल कीर्तन होतं वाटतं?"

"होतं तर. तुम्हीही या एकदा."

"बरं, पावसाळ्यापर्यंत करून बघू. पण एक सांगतो. एक जरी जखम चिघळली तरी कापड बंद. बाकीचे पार्टनर आधीच माझं डोकं खातायत."

सिस्टरनी मान डोलावली. एवढी मोठी अट आपण किती सहज घेतली, हे तेव्हा त्यांना जाणवलं नाही. देवाचं काम आहे, देव सांभाळेल, असंच वाटलं.

कापड आलं. तळमजल्यावरच्या लाँड्रीतला पोपट म्हणाला, "सिस्टर, तुम्ही मला कामाला लावलंत हां. इतके दिवस चादरी नि पडदे धुवत होतो. आता डॉक्टर लोकांची इज्जत माझ्या हातात!"

"हातात नको घेऊस, मशीनमध्ये टाक," सिस्टर म्हणाल्या. प्रत्येक कापड त्या उजेडासमोर धरून भोकं बघायच्या, घडी घालायच्या, आणि घडी घालताना ओठांत नाम चालू. पिवळ्या पिशव्या खरंच रोडावल्या. कचऱ्याची गाडी यायची तेव्हा त्या मुद्दाम खिडकीत उभ्या राहायच्या.

उन्हाळ्यात ऐश्वर्या आली. पहिलं बाळंतपण, बाळ आडवं, सिझेरियन ठरलं. नवरा सुदेश शीळफाट्याजवळच्या गोदामात कामाला. त्याची आई गोदूबाई सुनेच्या बाळंतपणासाठी कुडाळकडच्या गावाहून आलेली. सुनेवर तिचा असा जीव, की वॉर्डातल्या बायका ऐश्वर्याला तिचीच लेक समजत होत्या. थिएटरच्या दाराशी तिने सिस्टरांचा पदर धरावा तसा हात धरला.

"गो बाय, आमच्या देवाचो अंगारो हा. माका आत सोडनत नाय. तू तरी लाव तिच्या कपाळाक."

सिस्टरांनी अजून हात धुतले नव्हते. त्यांनी पुडीतून चिमूट घेतली, ऐश्वर्याच्या कपाळाला लावली, "चला, देव आत आला आता," म्हणाल्या. ऐश्वर्या रडता रडता हसली. मुलगी झाली. गोदूबाईने सगळ्या वॉर्डाला साखर वाटली.

मग ऐश्वर्याला ताप आला. जखमेवरची पट्टी ओली दिसली म्हणून सिस्टरांनी ती सोडली. टाके लाल, सुजलेले, पू धरलेला. आणि पट्टीच्या आतल्या बाजूला, कापसाला चिकटलेली राखाडी पूड.

त्यांनी गोदूबाईला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. आवाज चढू दिला नाही. "आजी, पट्टीखाली काही घातलंत?"

"घातलंय ना," गोदूबाई म्हणाली. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. "तिका दुखत होता. हळूच पट्टी उचललंय नि चिमूटभर अंगारो घातलंय. रोज घालतंय."

"अहो, जखमेत राख घालतात का?"

"राख?" म्हातारीचा चेहरा उतरला. "राख खयची, बाय? तूच नाय लावलंस तिच्या कपाळाक? इतकी शिकलेली नर्स लावता म्हणजे चलता, असा वाटला माका."

कपाळाला लावलेली ती चिमूट सिस्टरांना आठवली. रागवायचं कुणावर? गोदूबाईने जे केलं ते मायेने, आणि तिला वाट दाखवली ती त्यांनीच, तीही मायेने.

दुपारी डॉक्टर मुकुल जखम बघून आले ते थेट थिएटरात. "झालं ना शेवटी? तुमची कापडं, मंदाकिनीबाई. मला आधीच ऐकायला हवं होतं पार्टनरांचं."

सांगितलं तर कापड वाचेल. सांगितलं तर म्हातारीवर सगळं येईल. सिस्टर ड्युटी संपल्यावरही बसून राहिल्या. हॉस्पिटलच्या दारातल्या गणपतीसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, आणि गणपती काही बोलला नाही. बुवा म्हणतात, देव बोलत नाही तेव्हा तो आपल्या तोंडाने बोलायची वाट बघतो. त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. अंगाऱ्याचं सगळं सांगितलं, स्वतः कपाळाला लावल्यापासून.

"सर, कापडाचा दोष नाही. आणि त्या आजीला काही बोलू नका. माझ्याकडून तिला तसं वाटलं. हवं तर मला मेमो द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला पटतंय हो. पण आता उशीर झाला. एकदाच वापरायच्या सेटची ऑर्डर दुपारीच गेली. पार्टनर म्हणाले, ज्याची चर्चा झाली ते नकोच. उद्या कुणी पेपरात छापलं, की हॉस्पिटल जुनी कापडं वापरतं, तर?"

"पण कापडाने झालंच नाही ना!"

"लोकांना तसं वाटलं तर पुरे असतं."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या तेव्हा लाँड्रीसमोर हिरव्या कापडांचा ढीग होता. पोपट मान खाली घालून म्हणाला, "फरशी पुसायला फाडायला सांगितलंय, सिस्टर." बाजूला नवे खोके, त्यांत निळे झगे, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकात.

वॉर्डात त्याहून वाईट होतं. डॉक्टरांकडून कळताच पार्टनरांनी सुदेशला बोलावून घेतलं होतं: आमची काही चूक नाही, तुमच्याच आईने जखमेत राख घातली. सिस्टरांचं खरं बोलणं कापडाच्या कामी आलं नाही, हॉस्पिटलच्या मात्र आलं.

"अगं आई, मारलं असतंस तू तिला!" सुदेश ओरडत होता. अख्खा वॉर्ड ऐकत होता. "गावाला जा तू. उद्याच जा. पोरीला हात नको लावूस."

"अहो, असं नका ना बोलू," ऐश्वर्या अंथरुणातून कण्हत म्हणाली. तिचा ताप उतरत होता. औषध लागू पडलं होतं, ती वाचणार होती. पण तिचं तिथे कुणी ऐकलं नाही.

सिस्टर पुढे झाल्या. "सुदेश, माझं ऐका, चूक माझी—"

"तुम्ही गप्प बसा सिस्टर, प्लीज."

तो तणतणत खाली गेला. गोदूबाई पलंगापासून दूर, स्टुलावर बसून होती. पाळण्यात मुलगी रडायला लागली. म्हातारी अर्धी उठली आणि परत बसली. आपले दोन्ही हात तिने उलटेसुलटे करून बघितले.

"गो बाय," ती सिस्टरांना म्हणाली, अगदी हळू, "ते रबराचे मोजे असतत ना तुमचे, ते माका दी. चेडवाक घेऊचा हा."

"आजी, साबणाने हात धुवा. बाळाला घ्यायला मोजे लागत नाहीत."

"नको. दी तू. माज्या हाताचा काय खरा नाय."

मुलगी रडतच होती. सिस्टरांनी खोक्यातून मोजे काढले, म्हातारीच्या एकेका सुरकुतलेल्या बोटात चढवले. गोदूबाईने नातीला उचललं, छातीशी धरलं. थोड्या वेळाने पोर निजली तेव्हा पाळण्यात ठेवलं, मोजे उतरवले आणि कुठे टाकायचे ते विचारलं. सिस्टरांनी पिशवी दाखवली.

संध्याकाळपर्यंत मूल पुन्हा पुन्हा रडलं. दर वेळी म्हातारीने नवे मोजे मागितले.