नव्यासारखा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, असं म्हणताना अजून माझी जीभ अडखळते. मला फार दिवस कुणी जुनं होऊच दिलं नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. किती हातांनी जोडलं ते आठवत नाही. सगळ्या हातांत मोजे होते. तिथून मी समुद्राकाठच्या हल शहरात एका दुकानात आलो. डोरीनबाईंनी मला दोन वर्षांच्या करारावर घेतलं. म्हणजे दरमहा हप्ता भरायचा, हप्ते फिटले की फोन आपला. दुकानातल्या लाल नखांच्या बाईने कॅमेरा कसा चालतो ते दाखवायला डोरीनबाई आणि त्यांचा नवरा क्लिफ यांचा एक फोटो काढला. मग म्हणाली, "नीट जपलात, तर विकताना भाव चांगला येईल. ओरखडा नको. खोका मात्र हवा."

डोरीनबाईंचा जन्म मासे कापण्यात गेला होता. शाळा नावापुरती. पण किमतीची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागत नसे.

त्यांच्या घरात एक दर्शनी खोली होती. चांगला गालिचा तिथे, चांगल्या कपबश्या तिथे, आणि आता मीही तिथे. त्या गल्लीत घरोघरी पाहुण्यांसाठी अशी खोली राखलेली, आणि पाहुणे मात्र मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघरात बसत. काचेवरचा पातळ पापुद्रासुद्धा न सोलता मला खोक्यात घालून कपाटात ठेवलं. दर रविवारी बाई मला बाहेर काढत, चार्ज करत, चष्म्याच्या फडक्याने पुसत आणि परत झाकण लावत. माझा अभिमान होता त्यांना. मला काही वाटत नसे.

क्लिफने शर्यतीची कबुतरं पाळली होती.

"डोरीन, दे ना तो फोन. राखाडी मादी घरी उतरते, तेवढा एक फोटो."

"कबुतरांच्या घाणीत नेणार? तुझा बटणांचा आहे की."

"त्यात फोटो येत नाही गं."

"मग डोळ्यांनी बघ. ते फुकट मिळालेत, हप्ता नाही."

क्लिफ हसायचा. "मेल्यावर तरी देशील का हातात?"

"तेव्हा तर मुळीच नाही. तिथे कोण विकत घेणार?"

दुसऱ्या हिवाळ्यात क्लिफ खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कपात अर्धा चहा तसाच होता. दर्शनी खोलीत पहिल्यांदाच माणसं मावेनाशी झाली. हॅमची सँडविचं फिरली, चांगल्या कपबश्या निघाल्या. मी कपाटातून ऐकत होतो.

"आई, बाबांचा धड एक फोटो नाही," मुलगी मँडी म्हणाली. "लग्नातला आहे, त्यात अर्धा कुणी परकाच आलाय. त्या फोनमध्ये नाही का काही?"

"त्यात कशाला असेल? तो विकायचाय."

लग्नातलाच फोटो छापला. परका माणूस कापायला गेले, तर क्लिफचा एक कानही गेला.

करार संपला. डोरीनबाईंनी मला त्याच दुकानात नेलं. लाल नखांच्या बाईने मला उजेडात धरून उलटंसुलटं केलं.

"नव्यासारखा आहे, आजी. पहिल्या दर्जाचा भाव देते. आतलं सगळं पुसावं लागेल. काही ठेवायचंय?"

"रिकामाच आहे तो."

"एक फोटो आहे की."

त्यात क्लिफ टोपी छातीशी धरून हसत होता. शेजारी डोरीनबाई, बोट वर केलेलं, तोंड उघडं.

"मी काय म्हणतेय त्याला?" त्यांनी विचारलं.

"आता कसं आठवणार, आजी?"

मला माहीत होतं. 'हात लावू नकोस त्याला,' असं म्हणत होत्या. पण आम्हांला विचारतं कोण.

डोरीनबाईंनी हातमोजा काढला. काचेवरचा पापुद्रा एका कोपऱ्यातून सोलला आणि क्लिफच्या तोंडावर अंगठा ठेवला. बराच वेळ.

"तुमच्या फोनवर पाठवून देऊ?"

"माझाही बटणांचाच आहे."

"मग लवकर ठरवा हं. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय. मग निम्मासुद्धा मिळणार नाही."

"खोका दे इकडे," डोरीनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मँडीने विचारलं, "काय आलं मग?"

"चोर आहे ती मेली. भाव पाडून मागत होती."

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, पावाच्या डब्याला टेकून असतो. माझ्यावर लोण्याची बोटं उमटतात. नवं मॉडेल येऊन गेलं. सकाळी कबुतरांना दाणे टाकायला जाताना बाई मला ॲप्रनच्या खिशात घालतात. परवा राखाडी मादीने काचेवर नख ओढलं. बाईंनी ओरखडा पाहिला, आणि त्याच ॲप्रनने मला पुसलं.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण घरातल्या कुणी हात पुढे केला, तर तो हात आहे तोवर ती त्यात द्या. माझ्यात अजून तो एकच फोटो आहे. जागा पुष्कळ आहे.