छपरावरचा कण

तुरिडला घरात बसून रमणारी माणसं कधी कळलीच नाहीत. फेब्रुवारीत नॉर्वेतल्या हामारला ऊन पडतं ते काही रोज नाही. पडलं की स्की पायांना अडकवाव्यात, पिशवीत दोन संत्री नि कॉफीचा थर्मास टाकावा आणि रान गाठावं, एवढं साधं तिचं म्हणणं. सदुसष्टाव्या वर्षीही ती हेच करत होती, आणि हे करतानाच एका बर्फाळ उतारावर तिचा घोटा मोडला.

तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट नाही. धाकटी बहीण विग्दिस दवाखान्यातून तिला थेट आपल्या बैठ्या घरी घेऊन आली. प्लास्टर निघेपर्यंत तिथंच राहायचं ठरलं. तुरिडला धास्ती वाटली ती घोट्याची नाही, या घराची. विग्दिस आणि तिचा नवरा ओडवार ही दोघं म्हणजे घरकोंबडी. बैठकीच्या खोलीत भिंत दिसत नसे, पुस्तकंच पुस्तकं. आणि तीही कुठल्या कुठल्या ग्रहांवरच्या गोष्टींची. ओडवारचं टेबल कोपऱ्यात. संध्याकाळी जेवण झालं की तो कानांवर हेडफोन चढवून संगणकावर खेळायला बसायचा आणि अगदी शांत, सभ्य आवाजात बोलायचा.

"तू डावीकडून ये. मी तोवर ड्रॅगनला बोलण्यात गुंतवतो."

पहिल्या संध्याकाळी तुरिडने बहिणीला विचारलं, "हा कुणाशी बोलतोय?"

"आर्न्टशी. बोडोला दंतवैद्य आहे तो."

"दंतवैद्य माणूस ड्रॅगन मारतो?"

"मंगळवारी आणि गुरुवारी," विग्दिस म्हणाली.

विग्दिसचं वेड आणखी निराळं. ती धूळ जमवायची. खरीखुरी धूळ, छपरावरची. शरद ऋतूत, बर्फ पडायच्या आत, ती शिडी लावून गॅरेजच्या छपरावर चढायची, ओळखीपाळखीच्या लोकांच्या पन्हळी खरवडायची आणि तो चिखल आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून आणायची. मग हिवाळाभर तो धुवायचा, केकच्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये वाळवायचा, लोहचुंबकाने त्यातले काळे कण ओढून घ्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली एकेक कण बघत बसायचं. आकाशातून पडलेला कण शोधायचा म्हणून. तीन हिवाळे हे चाललं होतं. गोल, चकचकीत मणी तिला पुष्कळ सापडले होते, पण ते सगळे पृथ्वीवरचेच निघाले. कुठं कुणी वेल्डिंग केलेलं, कुठं नववर्षाचे फटाके उडवलेले.

"म्हणजे तीन वर्षं तुला काही मिळालेलं नाही," तुरिड म्हणाली.

"मिळालं की. फटाके ओळखता यायला लागले."

तुरिड खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची. समोर म्योसा तळं गोठून पांढरंशुभ्र झालेलं, त्यावर माणसं स्कीवरून सरकत जाताना दिसायची. ती त्यांच्याकडे बघून सुस्कारे टाकायची आणि मग घरातल्या दोघांना ऐकवायची. "असं ऊन वाया घालवणं म्हणजे पाप आहे. बुरशी येईल तुम्हाला." ओडवार पुस्तकातून मान वर न करता म्हणायचा, "आली तर विग्दिसला दे, ती मायक्रोस्कोपखाली बघेल."

आठवडाभर तुरिडने हे काढलं. मग एका शनिवारी दुपारी तिला इतका कंटाळा आला, की ती कुबड्या टेकत जेवणाच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "दे इकडे. निदान हाताला काही काम तरी."

विग्दिसने जास्त काही सांगितलं नाही. बशीत चिमूटभर काळी पूड पसरली, मायक्रोस्कोपची काच कशी फिरवायची ते दाखवलं आणि टोक ओलं केलेली एक बारीक काडी हातात दिली. "गोल दिसेल ते बाजूला कर. बाकी सोडून दे."

तुरिडने डोळा लावला. तिला वाटलं होतं घाण दिसेल. दिसला तो नदीकाठ. लाल, पिवळे, हिरवट खडे, पारदर्शक, धारदार, मध्येच कुणा किड्याच्या पंखाचा निळा तुकडा. तिने मान वर करून बशीकडे पाहिलं. बशीत फुंकरीने उडेल एवढी पूड होती. ती पुन्हा वाकली. त्या दिवशी कॉफी गार झाली तरी तिने कपाला हात लावला नाही. विग्दिसने कप उचलून नेला.

दुसऱ्या दिवसापासून दोघी समोरासमोर बसू लागल्या. एकच मायक्रोस्कोप, तेव्हा आळीपाळीने. तुरिडची नजर रानात मुरलेली. बर्फावर सशाचा माग कुठला नि कोल्ह्याचा कुठला हे तिला लांबून कळायचं. पण इथे ती रोज चुकत होती. "हा बघ." "वेल्डिंग." "आणि हा?" "तोही वेल्डिंग, आतून पोकळ आहे." तुरिड ओठ आवळायची आणि पुढचा कण ढकलायची.

गुरुवारी, जेवणं आटोपल्यावर, ओडवार आपल्या कोपऱ्यात लढाईत गुंतला होता. विग्दिस भांडी विसळत होती. तुरिडच्या काडीला एक काळा गोळा चिकटून आला आणि दिव्याखाली हळूच वळला. ती थबकली. हा नुसता चकचकीत नव्हता. थंडीत खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी उमटते ना, तशा बारीक, समांतर रेषा त्याच्यावर होत्या, एकीला लागून एक, कुणी मन लावून कोरल्यासारख्या. आणि एका टोकाला धातूचा इवलासा थेंब चमकत होता.

"विग्दिस," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हा काय आहे ते मला माहीत नाही."

विग्दिस ओल्या हातांनीच आली. वाकली. काडी हळूच फिरवून दुसरी बाजूही पाहिली. मग खुर्ची चाचपत खाली बसली, आणि तुरिडच्या मनात आलं: तीन वर्षं खपली ही, आणि सापडलं मला.

"मी मध्येच येऊन तुझं हिसकावलं का गं?"

"वेडी आहेस का," विग्दिस म्हणाली. "तुरिड, ही आपली पृथ्वी झाली नव्हती ना, तेव्हाचं आहे हे. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून अंधारात फिरत होतं. मग एक दिवस आपल्या आकाशात शिरलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत वितळलं, परत गोठलं, आणि आपल्या गॅरेजवर पडलं."

तुरिडने पुन्हा डोळा लावला. त्या रेषा तिथंच होत्या, स्वच्छ, स्थिर. तिला एकदम खोल दरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटलं. तिने टेबलाची कड धरली.

कोपऱ्यातला आवाज थांबला होता. ओडवारने हेडफोन गळ्यात ओढला होता. "आर्न्ट, ड्रॅगन राहू दे. थांब जरा." तो आला, वाकला, आणि चष्मा काढून पुसू लागला. हेडफोनमधून बारीक आवाज आला, "काय झालं?" ओडवारने सांगितलं. मग दूर उत्तरेकडचा तो दंतवैद्य हळूच म्हणाला, "रंग कसा आहे?"

"काळा," तुरिडच म्हणाली. "पण कडेला प्रकाश पडला की तपकिरी होतो. मधासारखा."

विग्दिसने फोटो काढून ऑस्लोच्या एका भूशास्त्रज्ञ बाईंना पाठवले. मधले दिवस तुरिड फोन वाजला की दचकायची. अखेर बाईंचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं की कण नीट जपून ठेवलाय ना, आणि मग सांगितलं की शंकाच नाही, वरचाच आहे.

"असे कितीसे पडतात?" त्या संध्याकाळी तुरिडने विचारलं.

"रोज पडतात," विग्दिस म्हणाली. "सगळीकडे. छपरांवर, रस्त्यांवर, तळ्यावर. तू स्कीवर असतेस तेव्हा तुझ्या टोपीवरसुद्धा."

तुरिड उठली. ती कुबड्या घेऊन दारापर्यंत गेली, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. अंगणात नवा बर्फ साचला होता. थंडी आत येत होती, पण दोघांपैकी कुणी दार लाव म्हणालं नाही.

रविवारी तिने आपल्या स्कीवाल्या मैत्रिणींना फोन करून वाट वाकडी करायला लावली. पाच जणी, गाल लालेलाल, अंगावर जाडजूड लोकरी स्वेटर, बूट दारात काढून मोज्यांवर आत आल्या. "काय गं, आम्हाला उन्हातून घरात बोलावतेस? तू?" असं म्हणत त्यांनी थट्टा चालवली होती. विग्दिसने खायला गरम वाफल केले होते, पण तुरिडने आधी सगळ्यांना मायक्रोस्कोपपुढे रांगेत उभं केलं. एकेक जण वाकली, आणि ज्या क्षणी वाकली त्या क्षणी गप्प झाली. पुस्तकांच्या त्या खोलीत मोज्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

सर्वांत शेवटी बोर्गहिल्ड, ऐंशी पार केलेली, कुणाचं ऐकून न घेणारी. तिने सगळ्यांहून जास्त वेळ पाहिलं. कुणीतरी घसा खाकरला तरी ती हलेना. मग डोळा न काढताच ती म्हणाली, "तुरिड, माझ्या गोठ्याचं छप्पर पुष्कळ मोठं आहे."