खांबाचा जलोदर

लॉवरच्या पोटावर बांधलेली मिठाची पुरचुंडी बाजूच्या वाटीत ठिबकू लागली आणि सोंगोरच्या मिठागरावरची गर्दी हात वर करून गाऊ लागली.

"मासळीला मीठ लावलं की काय सुटतं?" प्रेषित गॉडविननं विचारलं.

"पाणी," गर्दी म्हणाली.

"मग पोटातलं पाणी राहील का?"

कोर्कोरनं कपाळाला हात लावला. ती दवाखान्यात नर्स होती, आणि चटईवर आडवा पडलेला लॉवर तिचा थोरला भाऊ. बी प्रकारच्या काविळीनं त्याचं यकृत पार गेलं होतं, पोटात पाणी भरायचं. मीठ नावाला, गोळ्या वेळेवर, महिन्याला तपासणी, एवढ्या बळावर तो दीड वर्ष मिठागरावर कामाला येत होता. प्रेषितानं त्याच्या गोळ्या सोडवल्या आणि रोज दोन वेळा खारं पाणी पाजायला सुरुवात केली. पंधरवड्यात पोट टम्म झालं, पाय सुजले.

"दादा, पोट वाढतंय रे तुझं."

"वाटी भरली बघ. तुझ्या गोळ्यांनी कधी भरली होती?"

"गोळ्यांनी लघवी व्हायची. ती वाटीत धरायची होती का?"

लोक हसले, पण हलले नाहीत. वीस वर्षं समजावून तिची जीभ झिजली होती. तिनं प्रेषिताच्याच ढिगातलं मीठ फडक्यात बांधलं, ते मांडवाच्या खांबाला आवळलं आणि खाली वाटी ठेवली.

संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा सुटला. खांबाची पुरचुंडी ठिबकू लागली.

"याला कधी झाला जलोदर?" कोर्कोरनं विचारलं.

"खांबातही सैतान असतो," प्रेषित म्हणाला.

"मग पाजा त्यालाही खारं पाणी."

म्हातारी डेडे पुढं आली. तिनं मिठाचा खडा जिभेला लावला आणि थुंकला. "कडवं मीठ आहे. चांगलं मीठ काढून उरलेल्या तळाच्या पाण्याचं. हवेतली ओल ओढतं नि पाझरतं."

"आजी, हे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"लहानपणापासून."

"मग गप्प का बसलीस?"

"पोटावर बांधलं होतं ना, बाई. वाटलं, पोटाचं मीठ निराळं असेल."

कोर्कोरला रडावं की ओरडावं कळेना. "मासळी मेलेली असते गं. जित्या माणसाच्या पोटात मीठ गेलं की ते पाणी धरून ठेवतं. आणि दादा, घशाखालच्या तुझ्या शिरा फुगल्यात. त्या फुटून रक्ताची उलटी होऊ नये म्हणून ती छोटी गोळी होती. पंधरा दिवस झाले, तू घेतली नाहीस."

लॉवरनं पुरचुंडी सोडली. "चाळीस वर्षं हेच मीठ मी ओलीला भिऊन झाकत आलोय," तो हळूच म्हणाला. "चल, दवाखान्यात ने."

शेजारच्या चटईवरची बाई मात्र आपली गाठ आणखी घट्ट करत होती. कोर्कोर तिच्यापाशी थांबली.

"मावशे, पोट तुझं, मीठही तुझ्याच हातचं. निदान डोळे तरी प्रेषिताला देऊ नकोस. तो खांब एकदा बघ."