करंगळीने चाललेली वाट

मी एक जुना मोबाइल आहे. पुंडलिकरावांच्या धाकट्या मुलाचं, नयनचं, लग्न झालं, त्या वर्षी मी घाटंजीजवळच्या या घरात आलो. लग्नाचे फोटो काढायला मला आणलं होतं. त्या दिवशीची हळद अजून माझ्या कडेच्या फटीत आहे.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे पांढरा उजेड होता आणि हातमोजे घातलेली बोटं होती. माणसांची बोटं मऊ असतात, असंच मी धरून चाललो होतो. पुढे काही वर्षं फोन, फोटो आणि कापसाचे भाव यांत गेली. सगळे माझं कौतुक करत. मग नयनने नवा मोबाइल घेतला आणि मी त्याच्या आईच्या, म्हणजे लीलाबाईंच्या, वाट्याला आलो.

लीलाबाईंनी जन्मभर कापूस वेचला होता. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं चिरून चिरून लाकडासारखी झाली होती. त्या काचेवर बोट ठेवत आणि मला काही कळतच नसे.

"हा मेला मले ओळखतच नाही," त्या म्हणत. मला फार वाईट वाटे. शेवटी त्यांनी करंगळी टेकवली. तेवढी एक मऊ उरली होती. ती मी ओळखली.

त्याच साली त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी शेत बंद केलं, लांबचा प्रवासही बंद केला. वेचणीला जाणाऱ्या बाया पाहत त्या अंगणात खाटेवर बसून राहत. यवतमाळला शिकणारी त्यांची थोरल्या मुलाकडची नात निकिता दिवाळीला आली, तेव्हा तिने माझ्यात एक खेळ टाकला.

"आजी, याच्यात चालता येते. दम लागत नाही."

"कुठवर जाता येते व?"

"सात डोंगर ओलांडले की समुद्र."

लीलाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला जवळ ओढलं.

मित्रांनो, त्या देशाचं काय सांगू! तिथलं गवत निळं होतं. संध्याकाळी झाडांवरून दिवे सुटत आणि वाऱ्यावर तरंगत जात. हरणं माणसासारखी बोलत. हे सगळं माझ्याच पोटात होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. लीलाबाईंची करंगळी हलली की हिरव्या झग्यातली एक बाई त्या गवतातून चालू लागे. खाटेवरच्या लीलाबाईंचे पायही तेव्हा हळूच हलत.

निकिता यवतमाळहून दर रविवारी दुपारी खेळात येई. धनुष्य घेतलेली एक मुलगी हिरव्या झग्याशेजारी उभी राही, ती निकिता; तिचा आवाजही माझ्यातून येई. खेळातल्या पाट्या हिंदीत होत्या. त्या वाचायचं काम पुंडलिकरावांचं. ते साठीनंतर अक्षरं शिकले होते आणि एकेक अक्षर बोटाने उचलल्यासारखं वाचत.

"सा… साव… सावधा…"

"अवो, तुमचं वाचून होईपर्यंत तो राक्षस मले खाऊन गेला ना!"

"मंग तूच वाच!"

"मले वाचता आलं असतं तं तुमाले कायले बसवलं असतं?"

त्रासही फार होता. रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येई. म्हणून खाट तिथे नेलेली. ऐन लढाईत रेंज गेली की हिरवी बाई दगडासारखी उभी राही, मार खाई, आणि डोंगराच्या पायथ्याशी परत जागी होई. दिवसभराची वाट वाया. अशा वेळी शिव्या मात्र मीच खात असे.

सातव्या डोंगरामागे एक पांढरं शेत होतं. तिथली फुलं गोळा करायची, त्यांनी ताकद वाढे, आणि मग राक्षसाचा पूल ओलांडायचा. सगळे खेळाडू धावत जाऊन फुलं ओरबाडत. लीलाबाई बांधावरच थांबल्या.

"आधी सीतादही करा लागते," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवतात, त्याला सीतादही म्हणतात. लीलाबाईंनी झोळीतलं अन्न काढून शेतात ठेवलं. खेळात तेच अन्न खाऊन जखमा भरत.

"आजी! काय करून राह्यली! पुलावर काय खाशील?"

"शेत कोणाचंबी असो, पोरी. न देता कसं घेऊ?"

व्हायचं तेच झालं. पुलावर राक्षसाच्या पहिल्याच तडाख्यात दोघी पडल्या आणि पार पायथ्याशी गेल्या. निकिता रागाने दोन रविवार आलीच नाही. लीलाबाई एकट्या चालत राहिल्या. पण आता करंगळी थरथरत होती. पुंडलिकराव ते पाहत. एके दिवशी त्यांनी निकिताला फोन लावला आणि तोंड फिरवून हळूच म्हणाले, "लवकर ये, माय. तुह्या आजीले समुद्र पाहाचा आहे."

त्या रविवारी निकिता खेळात आली. पांढऱ्या शेताशी लीलाबाईंनी पुन्हा झोळी उघडली.  मग धनुष्यवाल्या मुलीनेही आपलं अन्न शेजारी ठेवलं.

पुलावर राक्षस उठला. पुंडलिकरावांनी रेंजसाठी मला दोन्ही हातांनी, लीलाबाईंची करंगळी पोचेल एवढं, उंच धरलं. 

"आजी, मी याले अडवते. तू पळ!"

"पोरीले टाकून कशी जाऊ?"

"पोरगी यवतमाळात बरी आहे!" पुंडलिकराव ओरडले. "चाल तू!"

मुलगी पडली. हिरवी बाई पळाली. मी तेव्हा एकच धरून होतो, रेंजची ती एक दांडी.

आणि मग समुद्र आला. माझ्या छोट्याशा काचेत मावेल तेवढाच, पण हलत होता, चमकत होता. किनाऱ्यावर पाटी होती. पुंडलिकरावांनी ती सावकाश वाचली. या वेळी कोणी घाई केली नाही.

"आ-गे… रा-स्ता… न-हीं… है."

"नसू द्या," लीलाबाई म्हणाल्या. "बसू थोडं."

त्यानंतर त्यांनी त्या बाईला तिथून हलवलं नाही. "आता मले इथंच राहू द्या," म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझी पाठ फुगली आहे. पुंडलिकरावांनी मला रबर लावून बांधलं आहे. नयन म्हणतो, हा देऊन टाकू. पण खूप दिवस न उघडलेली माणसं खेळातून पुसली जातात, असं निकिताने सांगितलं आहे. म्हणून पुंडलिकराव मला गोठ्याच्या कोपऱ्यात नेतात, खेळ उघडतात आणि काचेला हात न लावता पाहत बसतात. हिरवी बाई समुद्राकडे तोंड करून उभी असते. तिचा झगा वाऱ्याने हलतो.

तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा जुना मोबाइल पडला असेल. त्याला देऊन टाकण्याआधी एकदा चार्जिंगला लावा. त्याच्यात कोण उभं आहे ते बघा.

लीलाबाई मागच्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राहत्या घरी वारल्या.