मऊ अंड्याचा छडा

मित्रांनो, मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. होळकर संस्थान मध्यभारतात सामील झाले, तेव्हा इंदूरच्या एका कॉलेजात माझी पंधरा वर्षे झाली होती. नवे सूक्ष्मदर्शक आले आणि विभागप्रमुख जयसिंगरावांनी मला अडगळीत टाकले. मला फार वाईट वाटले.

त्याच आठवड्यात जुन्या इंदुरातल्या सखुबाई एक मेलेली कोंबडी फडक्यात गुंडाळून आमच्या प्रयोगशाळेत घेऊन आल्या. "बाईजी, हिला सकाळीच कुत्र्यानं धरलं. पण माझ्या साऱ्याच कोंबड्या महिनाभर बिनकवचाची अंडी देतायत, एकदम लिबलिबीत! शेजारी म्हणतात, बीमारी आहे, सगळ्या कापून टाक. अकरा उरल्यात हो!"

"शनिवारपर्यंत कुणाला हात लावू नका," प्रयोगशाळेच्या तरुण शिक्षिका सुलोचनाबाई म्हणाल्या. नवे सूक्ष्मदर्शक कुलपात, किल्ली जयसिंगरावांकडे आणि ते ग्वाल्हेरला! बाईंनी मलाच उचलले.

त्यांनी कोंबडीची अंडनलिका काढली, तिचे तुकडे मेणात बसवले, अतिशय पातळ चकत्या कापून रंगवल्या. शनिवारी पहिली काच माझ्याखाली सरकली. काय सांगू, मित्रांनो! नलिकेच्या मधल्या भागात ग्रंथींची नुसती दाटी! अंड्याचा पांढरा बलक इथेच पाझरतो. मग आली कवचग्रंथीची काच. इथे अंडे जवळजवळ दिवसभर थांबते आणि त्याच्यावर चुन्याचे कवच चढते. बाईंनी श्वास रोखला. माझा स्क्रू हळूच फिरला. पेशी ओळीने उभ्या, धडधाकट! कुठे सूज नाही, कुठे सडलेले नाही.

"सखुबाई, कारखाना चांगला आहे, मालच पोचत नाही!" निकाल ऐकायला आलेल्या सखुबाईंना पाहून बाई जवळजवळ ओरडल्याच. "दाण्यात चुना कमी पडतोय. चुनखडीचा चुरा घाला. एकही कापू नका!"

दहा दिवसांनी सखुबाई धावतच आल्या. जयसिंगराव परतले होते. सखुबाईंनी त्यांच्याच टेबलावर अंडे ठोकले. ठक्! "साहेब, आवाज ऐका! बिलकुल पक्कं!"

जयसिंगराव गोंधळले, तेव्हा बाईंनी सगळी हकीकत सांगून कवचग्रंथीची काच माझ्याखाली सरकवली. मग त्यांनी माझ्या भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "सुलोचनाबाई," ते म्हणाले, "मुलांना बोलवा. सगळ्यांना दाखवू."

त्या दिवशी माझ्यासमोर व्हरांड्यापर्यंत रांग होती!

आता माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेतली भिंगे मऊ कापडाने पुसत जा, कोरडी ठेवत जा. नीट पाहिल्याने अकरा जीव वाचले, हे मी माझ्या एका डोळ्याने पाहिले आहे.