कोलिमाहून आलेला मग

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना, काळवंडलेला मग आहे. सध्या मुक्काम बॉथेल, अमेरिका. जन्मही अमेरिकेतलाच, पण माझी बरीचशी वर्षे रशियाच्या पूर्व टोकाला, कोलिमा नावाच्या बर्फाळ प्रदेशात गेली.

मुळात मी मांसाचा डबा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजातून तिकडे गेलो. मांस तिथल्या कैद्यांच्या छावणीच्या पहारेकऱ्यांनी खाल्ले आणि मला उकिरड्यावर फेकले. स्तेपान नावाच्या कैद्याने मला उचलले, माझे काठ दगडाने घासले, तारेचा कान लावला. तो शाळामास्तर. हुकूमशहावर एक विनोद केला म्हणून त्याला दहा वर्षे सक्तमजुरी झाली होती. दिवसभर गोठलेली जमीन फोडून सोने काढायचे आणि संध्याकाळी माझ्यातून पाणचट सूप प्यायचे. थंडीत तो मला सदऱ्याच्या आत घेऊन झोपे. शेजारी झोपायच्या फळ्यांवरचे सोबती एकेक करून कमी होत गेले.

तो सुटला, पण गावी परतायची परवानगी मिळाली नाही. तिथेच त्याने संसार मांडला. वेरा नावाची मुलगी झाली. ती मोठी झाल्यावर छावणीची हकीकत सांगून "हे कुणाला सांगायचं नाही," असे त्याने तिला बजावले. तिने ते सत्तरीपर्यंत पाळले.

तिच्या मुलाने, अंतोनने, तिला माझ्यासकट बॉथेलला आणले. तो दिवसभर कामावर; ती आणि मी खिडकीपाशी. आसपास तिची भाषा बोलणारे कोणी नव्हते. एकदा आवराआवर करताना अंतोनने मला फुकट न्यायच्या खोक्यात घालून रस्त्याकडेला ठेवले.

शेजारच्या दहा वर्षांच्या सईने मला उचलून घरी नेले.

"मम्मा, बॉक्सवर फ्री लिहिलंय."

"तरी वेराआजींना विचारून ये. हाताने बनवलेला दिसतोय," तिची आई आसावरी म्हणाली.

सईने भाषांतर करणारा फोन वेरापुढे धरला. "हा कोणी बनवला?"

वेरा उठली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, तरी तिने आधी खिडकी लावून घेतली. मग हळू आवाजात सगळे सांगितले. दारात अंतोन कधी येऊन उभा राहिला, कळलेच नाही.

"आजोबा तिकडे नोकरीला गेले होते, असं तू सांगायचीस," तो म्हणाला.

"भीती वाटायची."

तो तिच्या पायाशी जमिनीवरच बसला. "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मित्रांनो, कोलिमातली ती वस्ती आता ओस पडली आहे. माझ्यासारखे कितीतरी मग तिथे बर्फाखाली गंजत असतील. ते कुणाचे, हे विचारणारे कोणी उरले नाही. मला घासून चकचकीत करू नका. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र विचारा. ती लगेच बोलणार नाहीत. तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसा.